‘ब्रिगहॅम यंग’ (१९४०) या चित्रपटातील मॉर्मन स्थलांतराचा इतिहास कितपत खरा आहे?

हेन्री हॅथवे यांनी दिग्दर्शित केलेल्या या कृष्णधवल चित्रपटात मॉर्मन या अमेरिकेतील धर्मपंथाच्या लोकांच्या पश्चिमेकडील प्रवासाचा जो इतिहास दिसतो तो खरा मानावा का, आणि आज हा चित्रपट पाहण्याजोगा आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते यातील घटनाक्रम ढोबळमानाने खरा आहे. मात्र त्या घटनांमध्ये या स्थलांतराचे नेते ब्रिगहॅम यंग यांना जिथे जिथे उभे केले आहे, त्यांपैकी निदान दोन अत्यंत महत्त्वाच्या जागी ते प्रत्यक्षात हजरच नव्हते. आणि जिथे त्यांचे खरे कर्तृत्व होते, तिकडे चित्रपटाने फारसे लक्ष दिलेले नाही.

मराठी वाचकांपैकी अनेकांना मॉर्मन हा शब्द प्रथम भेटतो तो शेरलॉक होम्सच्या पहिल्याच कादंबरीत. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीच्या उत्तरार्धात ब्रिगहॅम यंग हे एक पात्र म्हणून येतात आणि मॉर्मन समाज तेथे भीतीदायक, गुप्त कारवाया करणारा असा रंगवलेला आहे. युरोप-अमेरिकेतील सुरुवातीच्या मूकपटांनीही हीच प्रतिमा पुढे चालवली. १९४० साली ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्ससारख्या मोठ्या कंपनीने याच समाजाला छळ सोसणारे, कष्टाळू आणि सहानुभूतीला पात्र असे लोक म्हणून पडद्यावर आणले, ही बाब त्या पार्श्वभूमीवर लक्षात घ्यायला हवी. त्याच वर्षी याच कंपनीने ओक्लाहोमातील बेघर शेतकऱ्यांच्या कॅलिफोर्नियाकडील प्रवासावरचा ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ हा चित्रपट प्रदर्शित केला होता. दोन्हींचे निर्मितीप्रमुख डॅरिल झॅनक होते आणि जेन डार्वेल व जॉन कॅरडीन हे कलावंत दोन्हींत आहेत. घरदार सोडावे लागलेल्या माणसांची गोष्ट त्या वर्षी, युरोपात युद्ध सुरू असताना, प्रेक्षकांना दूरची वाटली नसणार.

आता इतिहासाकडे वळू. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी हा पंथ स्थापन केला. पुढे मिसुरी राज्यातून हुसकावले गेल्यावर अनुयायांनी इलिनॉय राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी, नॉवू हे शहर वसवले. चित्रपटाची कथा येथून सुरू होते. त्यात जोसेफ स्मिथ यांच्यावर न्यायालयात खटला चालतो आणि ब्रिगहॅम यंग उभे राहून त्यांच्या बाजूने भाषण करतात. दृश्य परिणामकारक आहे, व्हिन्सेंट प्राइस यांनी स्मिथ यांची भूमिका संयमाने केली आहे, परंतु असा खटला चाललाच नाही. नॉवूमधील विरोधी वृत्तपत्राचा छापखाना उद्ध्वस्त केल्याच्या प्रकरणातून स्मिथ यांना कार्थेज येथील तुरुंगात नेण्यात आले, तेथे त्यांच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला, आणि सुनावणी होण्यापूर्वीच २७ जून १८४४ रोजी जमावाने तुरुंगात घुसून त्यांना व त्यांचे बंधू हायरम यांना ठार मारले. त्या दिवशी ब्रिगहॅम यंग शेकडो मैल दूर, न्यू इंग्लंडमध्ये, स्मिथ यांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीचा प्रचार करत होते. हत्येची बातमी त्यांना जुलैमध्ये कळली आणि नॉवूला ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोहोचले.

वारसाहक्काचा वादही चित्रपटाने बराच सोपा केला आहे. ब्रायन डॉनलेव्ही यांनी रंगवलेला अँगस डंकन हा महत्त्वाकांक्षी प्रतिस्पर्धी काल्पनिक आहे. प्रत्यक्षात नेतृत्वावर दावा सांगणाऱ्यांत सिडनी रिग्डन आणि जेम्स स्ट्रँग ही खरी माणसे होती आणि त्यांच्यामागे खरे अनुयायीही गेले. डंकन कॅलिफोर्नियाचा आग्रह धरतो, हा भाग मात्र सर्वस्वी निराधार नाही. सॅम्युअल ब्रॅनन हे मॉर्मन पुढारी १८४६ साली जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात पोहोचले होते, आणि पुढच्या वर्षी ते उलट दिशेने येऊन ग्रीन नदीपाशी यंग यांना भेटले व सर्वांनी कॅलिफोर्नियातच यावे म्हणून त्यांनी गळ घातली. यंग यांनी नकार दिला. ज्या प्रदेशाचा लोभ कोणालाही नाही तिथेच आपल्याला कोणी छळणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. ते शेवटी जेथे वसले ते, आजच्या युटा राज्यातील, सॉल्ट लेकचे खोरे तेव्हा अमेरिकेचे नव्हतेच, कागदोपत्री मेक्सिकोचे होते.

गोठलेली मिसिसिपी ओलांडणारा वॅगनींचा तांडा हे चित्रपटातील सर्वांत लक्षात राहणारे दृश्य आहे आणि ते अर्धे खरे आहे. पहिल्या वॅगनी ४ फेब्रुवारी १८४६ रोजी होड्यांमधून पलीकडे गेल्या. नदी गोठली ती त्या महिन्याच्या उत्तरार्धात, आणि मग काही जण खरोखरच बर्फावरून गेले. बहुसंख्य लोक मात्र वसंत ऋतूत निघाले, आणि जे मागे राहिले त्यांपैकी गरीब व आजारी माणसांना सप्टेंबरमध्ये शस्त्रांच्या धाकाने बाहेर काढण्यात आले. सात-आठ महिन्यांचे हे निर्गमन एका रात्रीत बसवणे चित्रपटाच्या दृष्टीने समजण्यासारखे आहे.

यापुढचा प्रवास हे ब्रिगहॅम यंग यांचे खरे कर्तृत्व, आणि ते प्रामुख्याने व्यवस्थापनाचे आहे. त्यांनी प्रवाशांची दहा, पन्नास आणि शंभर अशा गटांत विभागणी केली आणि प्रत्येक गटावर एक प्रमुख नेमला. आयोवा ओलांडताना पावसाने व चिखलाने असे हाल झाले की सुमारे ३०० मैलांना चार महिन्यांहून अधिक काळ लागला. त्या वाटेवर गार्डन ग्रोव्ह आणि माउंट पिस्गा या ठिकाणी आधी पोहोचलेल्यांनी जमीन नांगरून पेरणी केली, ती स्वतःसाठी नव्हे तर मागून येणाऱ्या अनोळखी कुटुंबांसाठी. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांसाठी गावोगावी अन्नाची सोय केलेली असते. येथे तर गावेच नव्हती, ती वाटसरूंनीच वसवून मागच्यांच्या हवाली केली. त्याच उन्हाळ्यात मेक्सिकोविरुद्धच्या युद्धासाठी सुमारे ५०० मॉर्मन पुरुष अमेरिकी सैन्यात भरती झाले आणि त्यांना मिळालेल्या कपडेभत्त्याचा मोठा भाग उरलेल्यांच्या प्रवासखर्चाकडे वळवण्यात आला. ज्या सरकारने आपले रक्षण केले नाही त्याच्याच पैशावर ते सरकार सोडून जाण्याची तजवीज करणारा हा माणूस पडद्यावर दिसला असता तर मला अधिक आवडले असते.

१८४६-४७ चा हिवाळा मिसुरी नदीकाठच्या विंटर क्वार्टर्स या वसाहतीत गेला आणि तेथे रोगराईने व उपासमारीने शेकडो माणसे मेली. एप्रिल १८४७ मध्ये जो पहिला गट पुढे निघाला त्यात १४३ पुरुष, ३ स्त्रिया आणि २ मुले होती. चित्रपट पाहून सगळा समाज एकत्रच खोऱ्यात उतरला असा समज होतो, तो बरोबर नाही. हा गट वाट शोधण्यासाठी व मोजण्यासाठी होता. विल्यम क्लेटन यांनी वॅगनच्या चाकाला कापड बांधून फेरे मोजायला सुरुवात केली, कारण ३६० फेऱ्यांचा बरोबर एक मैल होत होता. दिवसभर फेरे मोजून कंटाळल्यावर लाकडी दातेरी चाकांचे मोजयंत्र तयार करण्यात आले. त्यावरून बनवलेली मार्गदर्शिका १८४८ मध्ये छापली गेली आणि नंतरच्या प्रवाशांना तिचा मोठा आधार झाला. सुमारे १००० मैलांचा हा टप्पा चार महिन्यांच्या आत पार पडला. २४ जुलै १८४७ रोजी यंग खोऱ्यात आले तेव्हा ते तापाने आजारी होते आणि वॅगनमध्ये पडून होते. पुढे गेलेल्या लोकांनी आदल्याच दिवशी ओढ्याचे पाणी वळवून कोरडी ठणठणीत जमीन भिजवली होती आणि नांगर घातला होता.

या गटात ग्रीन फ्लेक, हार्क ले आणि ऑस्कर क्रॉस्बी हे तीन कृष्णवर्णीय गुलामही होते. त्यांना चित्रपटाच्या कथेत स्थान नाही. ज्या यूट आणि शोशोनी लोकांचा हा प्रदेश होता त्यांच्यावर पुढे काय ओढवले, तेही कथेच्या कक्षेबाहेर राहते, कारण ती १८४८ मध्येच थांबते.

आता शेवटच्या प्रसंगाविषयी. चित्रपटात किड्यांचे थवे पीक फस्त करू लागतात, लोक हताश होतात, आणि आपल्याला ईश्वरी आदेश मिळालाच नव्हता अशी कबुली यंग देणार, एवढ्यात सीगल पक्षी येऊन किडे खाऊ लागतात. किडे आले होते आणि पक्षीही आले होते, यात शंका नाही. आपल्याकडील टोळधाड आकाशातून उतरते. हे किडे मात्र उडू शकत नाहीत, जमिनीवरून सरकत व उड्या मारत पुढे येतात, त्यामुळे त्यांना काठ्यांनी, आगीने व पाण्याने रोखण्याचे प्रयत्न दिवसेंदिवस चालू होते. पक्षी किडे खाऊन, पाणी पिऊन, ओकून पुन्हा खात होते असे लोकांनी सांगून ठेवले आहे, आणि न पचणारा भाग बाहेर टाकणे हे या पक्ष्यांच्या बाबतीत नेहमीचेच आहे. तरीही त्या वर्षी कडाक्याच्या थंडीनेही पिकाची हानी केली होती, आणि त्या काळच्या अनेक रोजनिश्यांत पक्ष्यांचा उल्लेख नाही किंवा ओझरता आहे. चमत्कार म्हणून या घटनेला आलेले महत्त्व नंतरच्या कथनांतून वाढत गेले. सॉल्ट लेक सिटीमध्ये १९१३ साली या पक्ष्यांचे स्मारकही उभे राहिले. राहता राहिले यंग. १८४८ च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते खोऱ्यात नव्हते. मागील वर्षीच ते विंटर क्वार्टर्सला परत गेले होते आणि नवा मोठा तांडा घेऊन सप्टेंबर १८४८ मध्ये परतले. ज्या क्षणावर संपूर्ण चित्रपटाची उभारणी झाली आहे, त्या क्षणी नायक वाटेवर होता.

असे असूनही, ईश्वराचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही याची खंत बाळगणारा धर्मप्रमुख ही लेखकांची कल्पना मला चित्रपटातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. ती इतिहासातील यंग यांच्याशी जुळत नाही. ते स्वभावाने निश्चयी आणि कठोर होते. परंतु मॉर्मन नसलेल्या प्रेक्षकाला या माणसाजवळ नेण्यासाठी दुसरा मार्ग क्वचितच सापडला असता, आणि यंग यांची भूमिका करणाऱ्या डीन जॅगर यांनी तो संशय ओढूनताणून न दाखवता केवळ चेहऱ्यावरच्या थकव्यातून दाखवला आहे. श्रेयनामावलीत मात्र टायरोन पॉवर आणि लिंडा डार्नेल यांची नावे आधी येतात, कारण तिकिटे त्यांच्या नावावर विकली जायची. त्यांची प्रेमकथा कंटाळवाणी आहे आणि ती सोडून दिली तरी काही बिघडत नाही. जॅगर यांनी १९७२ साली मॉर्मन पंथाची दीक्षा घेतली.

बहुपत्नीत्वाचा विषय चित्रपटात एखाद्या विनोदापुरता आणि चुटपुटत्या उल्लेखापुरता येतो, आणि मेरी अ‍ॅस्टर यांनी साकारलेली मेरी अ‍ॅन हीच जणू यंग यांची खरी पत्नी अशी मांडणी आहे. वस्तुतः नॉवू सोडतानाच त्यांच्या अनेक पत्नी होत्या. पंथाने ही प्रथा १८५२ मध्ये जाहीरपणे मान्य केली आणि १८९० मध्ये सोडण्याची घोषणा केली. या निर्मितीला अनुकूल असलेले पंथाचे तत्कालीन अध्यक्ष हेबर ग्रँट यांचीही पूर्वी एकाहून अधिक लग्ने झालेली होती. त्यामुळे या बाबतीत कमी बोलणे कंपनीला आणि पंथाला दोघांनाही सोयीचे झाले असावे, असा माझा कयास आहे.

चित्रपट अवश्य पाहा, परंतु पूर्वार्धातील न्यायालयाचे दृश्य आणि शेवटचा प्रसंग नाट्य म्हणूनच पाहा. प्रवासाचा अधिक मोकळा अनुभव हवा असेल तर जॉन फोर्ड यांचा १९५० चा ‘वॅगन मास्टर’ पाहावा. त्यात एकही ऐतिहासिक व्यक्ती नाही. सॅन हुआन नदीकडे निघालेली मॉर्मन कुटुंबे, त्यांना वाट दाखवणारे दोन घोड्यांचे व्यापारी आणि युटातील मोअॅबच्या परिसरात चित्रित केलेली खडकाळ वाट एवढेच आहे, आणि वॅगन चढावर नेताना माणसांची व जनावरांची किती दमछाक होत असे, हे तेथे अधिक नीट कळते.