पोरगं सोल्यूशन हुंगतंय, घरात कोंडून ठेवू का?

"मॅडम, पोरगं सोल्यूशन हुंगतंय, व्यसनमुक्ती केंद्रात टाकू का घरात कोंडू?" हा प्रश्न घेऊन धारावीत माझ्याकडे महिन्याला एक तरी आई येतेच. सोल्यूशन म्हणजे वस्तू चिकटवायचा उग्र वासाचा गोंद. त्यातल्या एकीचं सांगते, ओळख पटू नये म्हणून दोनचार गोष्टी बदलल्यात.

बाई धुणीभांडी करणारी, नवरा वारलेला, पोरगं तेरा वर्षांचं, सातवीत शाळा सोडून बॅगांच्या कारखान्यात लागलेलं. कारखाना म्हणजे काय तर पोटमाळ्यावरची एक खोली, खिडकी एकच आणि तीही मालाच्या गठ्ठ्यांनी झाकलेली. आईचं म्हणणं, संगत वाईट लागली. शपथा घालून झाल्या होत्या, मामानं पट्ट्यानं मारून झालं होतं, आणि एकदा तर पिशवी तोंडाला लावलेली दिसली म्हणून मामा त्याच्यामागे नाल्यापर्यंत पळत गेला होता.

इथे मी तिला मध्येच थांबवलं. बाकी काही ऐकू नका पण हे ऐका, हुंगताना सापडला तर ओरडू नका, पळवू तर अजिबात नका. सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर ह्यांची वाफ गेली की हृदय बिथरलेलं असतं, त्यात घाबरून पोर पळालं की ठोके बिघडून जागच्या जागी जाऊ शकतं, अगदी पहिल्यांदाच हुंगलेलं असलं तरी. शांतपणे पिशवी काढून घ्यायची, मोकळ्या हवेत बसवायचं, बोलणं दुसऱ्या दिवशी. शुद्ध गेली तर कुशीवर वळवून १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवायची.

पोराला मी पहिले दोन दिवस नशेचं विचारलंच नाही, काम काय करतोस एवढंच विचारलं. तो बोटांवर वाळलेल्या सोल्यूशनचे पापुद्रे सोलत बसला होता, नाकाखाली आणि ओठांभोवती लालसर पुरळ. म्हणाला, दिवसभर पेस्टिंग, म्हणजे सोल्यूशन लावून चिकटवायचं. सुरुवातीला डोकं दुखायचं, उलटी यायची, मग आठवड्याभरात डोकं हलकं व्हायला लागलं, भूक लागत नाही, शेठ ओरडला तरी काय वाटत नाही. आणि सुट्टीच्या दिवशी जीव नुसता चिडचिड करायचा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत थोडं घरी आणायला लागला. म्हणजे संगत कसली डोंबलाची, नशा त्याला कामानं लावली होती, पगाराबरोबर.

केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या पाहणीचा रिपोर्ट २०१९ मध्ये आला, त्यात हुंगायच्या नशेचं प्रमाण १० ते १७ वयात १.१७ टक्के आणि मोठ्यांत ०.५८, पोरांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा जास्त असलेली ही एकच नशा. दारू महाग पडते, सोल्यूशन हाताशी असतं.

मग आता काय करू, हे आईचं सारखं चालू. ह्याच्यावर खास अशी गोळी नाही, हे आधी सांगितलं. तपासणीसाठी सायन हॉस्पिटलला नेलं, पण खरं औषध त्या खोलीतून बाहेर काढणं हेच होतं, आणि तिथेच ती अडली. त्याचे महिन्याचे तीन हजार कोण देणार? आणि कंप्लेंट केली तर पोराला डोंगरीच्या बालगृहात टाकतील ही भीती. चौदाच्या आत कामाला ठेवणं गुन्हा आहे, तो शेठचा, पोराचा नाही, हे मी तिला चारदा समजावलं असेल. पण ती रडायला लागली की मीही ढिली पडायचे, महिना तसाच गेला, ही माझी चूक.

शेवटी तिनंच काम सोडवलं. सरकारच्या बालसंगोपन योजनेचा फॉर्म भरला, महिन्याला २२५० रुपये, पण ते सुरू व्हायला पाच महिने लागले आणि तेवढ्यात दोनदा परत हुंगणं झालं, एकदा पंक्चरवाल्याकडून आणून. दोन्ही वेळा आईनं मारलं नाही, जेवायला वाढलं आणि सकाळी मला फोन केला. शाळेत परत बसवलाय, लक्ष लागत नाही म्हणतो, वेळ लागेल त्याला.

मागच्या आठवड्यात स्वतःहून आला, दारातच उभा राहिला. "ताई, माझ्या जागेवर आता बाजूच्या गल्लीतलं पोरगं बसतंय, माझ्यापेक्षा पण लहान आहे." ह्या वेळी मी तो समोर असतानाच १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन, लावला.