पत्रिकेचं गणित : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलीचं लग्न ठरत आलंय. अ‍ॅपवर तिचं नक्षत्र रोहिणी आलं, मुलाचं श्रवण, आणि एकनाडी (दोघांची नक्षत्रं नाडीच्या एकाच गटातली) म्हणून नाडीचे ० गुण. आमच्या गुरुजींनी टिळक पंचांगावरून मुलीचं नक्षत्र मृग काढलं आणि नाडीचे पूर्ण ८ दिले. चुकलं कोण? (एक आई, रत्नागिरी)

चुकलं कोणीच नाही. राशिचक्राची सुरुवात कुठून मोजायची, यावर दोन पक्ष आहेत. त्या सुरुवातीसाठी वजा करायच्या अंशांना अयनांश म्हणतात. दाते पंचांग आणि बहुतेक अ‍ॅप चित्रापक्षाचा अयनांश घेतात; टिळक पंचांग रेवतीपक्षाचं. दोन्हींत सुमारे ४ अंशांचा फरक आहे, त्यामुळे टिळक पंचांगात प्रत्येक ग्रह तेवढा पुढे दिसतो. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचं (६० कला म्हणजे १ अंश). म्हणजे अ‍ॅपमध्ये ज्यांचा चंद्र नक्षत्राच्या शेवटच्या ४ अंशांत असतो, त्यांचं नक्षत्र दुसऱ्या पंचांगात बदलतं. साधारण दहांतल्या तिघांचं.

तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं दिसतं. रोहिणी वृषभेच्या २३ अंश २० कलांना संपते. मुलीचा चंद्र चित्रापक्षानं वृषभेत २१ अंशांवर असेल, तर रेवतीपक्षानं तो २५ वर, म्हणजे मृगात. रास वृषभच राहिली, योनीही दोन्हींची सर्पच. पण रोहिणीची नाडी अंत्य, मृगाची मध्य, श्रवणाची अंत्य. झालं, ८ गुण इकडचे तिकडे. ३६ गुणांत नाडीला सर्वांत जास्त वजन (वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, भकूट ७, नाडी ८), म्हणून १८ च्या सीमेवरचं स्थळ पंचांग बदललं की पास होतं किंवा नापास.

करायचं असेल तर एवढं करा : दोघांचा चंद्र अंश-कलांसह लिहून घ्या, अयनांश कोणता ते विचारा, आणि मुलाचं व मुलीचं गणित एकाच पंचांगावरून करा. एकाचं अ‍ॅपवरून आणि दुसऱ्याचं गुरुजींकडून, अशी सरमिसळ सर्रास होते. तिला तर शास्त्राचाही आधार नाही. बाकी, दोघांच्या सुखाचा हिशोब ४ अंशांच्या वादावर लटकत असेल, तर त्या गुणांना किती किंमत द्यायची हे तुम्हीच ठरवा.

प्रश्न : मुलाचा जन्म अमेरिकेतला, जुलैमधला. दोन ठिकाणी पत्रिकेतलं लग्न (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास) वेगवेगळं निघालं. (एक वाचक, पुणे)

उन्हाळ्यात तिथल्या बहुतेक राज्यांत घड्याळं १ तास पुढे असतात. तो तास वजा केला नाही तर लग्न सरासरी १५ अंशांनी, म्हणजे अर्ध्या राशीनं सरकतं. चंद्र मात्र तासाला जेमतेम अर्धा अंश चालतो, त्यामुळे गुण सहसा तेच राहतात. जन्मदाखल्यावरची वेळ आणि तिथला टाइमझोन दोन्ही द्या.

प्रश्न : मुलगी 'कडक मंगळाची' म्हणून तीन स्थळं परत गेली. (नाव नको, सोलापूर)

लग्नापासून १, ४, ७, ८, १२ या स्थानांत मंगळ असला की मंगळाची पत्रिका. बारांतली पाच स्थानं, म्हणजे साधारण ४२ टक्के लोक. काही जण चंद्रापासूनही मोजतात. मग प्रमाण दोन-तृतीयांशाच्या आसपास जातं. दक्षिणेत २ रं स्थानही धरतात. उलट, मंगळ स्वराशीत (मेष, वृश्चिक) किंवा उच्चीचा (मकर) असेल तर दोष नाही, असे परिहारही त्याच परंपरेत आहेत. अर्धा गाव दोषी ठरवणारी कसोटी कसली!

फलिताची चाचणी म्हणाल तर २००८ मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात ती घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि त्यांतल्या ४०-४० पत्रिका ५१ ज्योतिषांना पाठवल्या; २७ जणांनी उत्तरं दिली. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढंच सांगायचं होतं. बरोबर उत्तरं ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० आली असती. लग्नाबद्दलची चाचणी ही नव्हती, पण पत्रिकेतून माणूस वाचता येतो हा दावा तिनं तपासला, आणि तो टिकला नाही.

प्रश्न : एकनाडी म्हणजे एकच रक्तगट, म्हणून मुलं होत नाहीत, हे खरं का? (एक वाचक, जळगाव)

नाही. नाडी नक्षत्रावरून ठरते, रक्तावरून नव्हे. २७ नक्षत्रं तीन नाड्यांत ९-९ अशी वाटलेली आहेत, म्हणून कुठल्याही तीन जोड्यांमागे साधारण एक एकनाडी निघतेच. आणि नवरा-बायकोचा रक्तगट एकच असण्यानं मूल होण्यात काही अडत नाही.

लक्ष द्यायचं ते दोन गोष्टींकडे. पहिली आरएच (रक्तगटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह) : बायको निगेटिव्ह, नवरा पॉझिटिव्ह असेल तर गरोदरपणी डॉक्टरांना आधीच सांगा. साधारण २८ व्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. गर्भपात झाला तरी ते लागू शकतं. नेमकं हेच राहून जातं आणि त्रास पुढच्या बाळाला होतो. दुसरी थॅलेसेमिया, हा रक्ताचा आनुवंशिक आजार : लग्नाआधी दोघांनी एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार, रक्ततपासणीत कळतो) तपासून घ्यावं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के. आते-मामे भावंडांत लग्न ठरत असेल तर हे टाळूच नका. तिथं नाडी वेगळी निघाली म्हणून कोणी निश्चिंत राहू नये.