पंखा बिघडलाय, की त्याला फिरायला कोणी सांगतच नाही?

ऊन तापलं की गाड्या तापल्याची पत्रं येतात, हे दरवर्षीचंच. पण हल्ली बहुतेक पत्रांत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘मेकॅनिकने रेडिएटरचा पंखा डायरेक्ट करून दिलाय, चालेल ना?’ म्हणजे किल्ली फिरवली की सतत फिरेल असा थेट जोडलाय. चालणार नाही. का, ते अकोल्याच्या पत्राच्या उत्तरात सविस्तर लिहिलं आहे. गाडीतल्या छोट्या इलेक्ट्रिक वॉटर पंपाबद्दलही बरेच प्रश्न आहेत. आपल्या गाडीत असा पंप आहे, हे अनेकांना तो बंद पडल्यावरच कळतं.

गाडी बंद करून किल्ली काढली तरी पंखा फिरत राहतो. बॅटरी उतरेल का? (पुणे)

नाही. काही मिनिटं फिरून थांबत असेल तर ते योग्यच आहे. इंजिन पार गार असतानाही फिरत असेल, तर रिले (पंख्याला वीज सोडणारा आपोआप स्विच) चिकटल्याची शक्यता मोठी. त्याच दिवशी ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा. आणि किल्ली खिशात आहे म्हणून पंख्याजवळ हात घालू नका. तो कधीही सुरू होतो.

ट्रॅफिकमध्ये एसी गरम हवा फेकतो, हायवेला लागलो की थंडगार. दोनदा गॅस भरला, फरक नाही. (ठाणे)

हायवेवर थंड होतो याचा अर्थ गॅस पुरेसा आहे. दुसऱ्यांदा भरणाऱ्याने एवढा विचार करायला हवा होता. गॅस जास्त झाला की दाब वाढून कॉम्प्रेसरवर ताण येतो, ते वेगळंच.

गाडी धावत असते तेव्हा कंडेन्सरला (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला) समोरून वारा मिळतो, थांबली की सगळी भिस्त पंख्यावर. इंजिन सुरू ठेवून एसी लावा आणि बोनेट उघडून लांबूनच बघा. थोड्या वेळात पंखा फिरायला हवा. दोन वेगांच्या पंख्यात बहुतेक वेळा हळू वेगाचा रेझिस्टर (वीज कमी करून पंख्याचा वेग उतरवणारा भाग) जळलेला असतो. मग पंखा इंजिन चांगलंच तापल्यावर एकदम मोठ्याने घोंघावत सुरू होतो, आधी नाहीच. रेझिस्टर अनेक गाड्यांत पंख्याच्या चौकटीवरच बसवलेला असतो. त्याचा प्लग काढून बघा : प्लॅस्टिक तपकिरी झालेलं, पिना काळ्या पडलेल्या, तर चोर सापडला.

हा भाग बऱ्याच गाड्यांसाठी सुटा मिळतो, तरी गॅरेजवाला अख्खी फॅन असेंब्ली गळ्यात मारतो. एसी चालू असताना पंख्याच्या प्लगमध्ये १२ व्होल्ट येतात का, हे मीटर लावून तुमच्यासमोर दाखवायला सांगा. व्होल्ट येऊनही फिरत नसेल तर मोटर गेली. येतच नसतील तर फ्यूज, रिले, रेझिस्टर, एसीचा प्रेशर सेन्सर असं मागे मागे शोधत जायचं. मीटर न लावता ‘मोटर बदला’ म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका.

इथे पारा ४५ अंशांवर जातो. गाडी तापायची म्हणून मेकॅनिकने थर्मोस्टॅट काढून टाकला आणि पंखा किल्लीवर डायरेक्ट केला. ‘विदर्भात थर्मोस्टॅट लागतच नाही,’ म्हणाला. काटा आता खालीच असतो, पण ॲव्हरेज पडलं आणि चेक इंजिनचा दिवा लागलाय. (अकोला)

दिवा लागणारच. स्कॅनर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला तर बहुधा पी ०१२८ हा कोड दिसेल. इंजिन ठरावीक वेळेत तापत नाही, असा त्याचा अर्थ.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह. तो साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. बाहेर ४५ अंश असोत की महाबळेश्वरची थंडी, इंजिनाला आपल्या ठरलेल्या तापमानावरच चालायचं असतं. ते गार राहिलं की ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल जास्त सोडतो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, झीज वाढते. बीएस-६ डिझेल असेल तर डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीची) आपोआप होणारी सफाई अडते आणि तो चोंदतो. हे नुकसान काट्यावर दिसत नाही, म्हणून तर मला ते जास्त घातक वाटतं.

त्याहून वाईट म्हणजे गाडी तापण्याचा धोकाही टळलेला नाही. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. वॉल्व्ह उघडला की ती बायपासची वाट बंद करते. वॉल्व्हच काढला की ती वाट कायमची उघडी राहते आणि पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता तसाच इंजिनात परततो. ज्या दिवशी पाच माणसं, सामान आणि एसीसह घाट चढाल, त्या दिवशी हे कळेल. उलट बाजूची एक दंतकथाही ऐकतो : पाणी जोरात फिरलं की रेडिएटरमध्ये त्याला गार व्हायला वेळ मिळत नाही. हेही खोटं. प्रवाह वाढला की एकूण उष्णता जास्तच बाहेर जाते.

आता पंखा. मोठ्या रेडिएटर फॅनला वीस-तीस अँपिअर सहज लागतात, सुरू होताना त्याहून जास्त. म्हणून कंपनी त्याला स्वतंत्र फ्यूज आणि रिले देते. तोच प्रवाह किल्लीच्या स्विचमधून बारीक वायरने नेणं म्हणजे डॅशबोर्डखाली आगीची सोय करणं. आणि मुळात पंखा लागत का नव्हता, हे कोणी शोधलं? सेन्सर गेला होता, रिले गेला होता, की पाणी कमी होऊन सेन्सर कोरडाच राहिला होता? पुष्कळ गाड्यांत तापमानाच्या सेन्सरचा प्लग काढला की ईसीयू सावधगिरी म्हणून पंखा पूर्ण वेगाने सोडतो. तसं झालं तर मोटर, रिले, वायरिंग ठीक आहे, संशय सेन्सरवर. तपासणी छोटीशी आहे, पण ती जाणकाराकडून करून घ्या, कारण नंतर कोड पुसावा लागतो.

स्कॅनर असलेल्या चांगल्या गॅरेजमध्ये जा. कंपनीच्या तापमानाचाच थर्मोस्टॅट बसवा, वायरिंग पूर्ववत करा, ऑइल बदला. पुढच्या महिन्यात नाही, याच आठवड्यात.

टर्बो पेट्रोल गाडी आहे. बंद केल्यावर बोनेटखालून बारीक गुणगुण ऐकू येते. (नाशिक)

तो सहायक वॉटर पंप. इंजिन थांबलं की पट्ट्यावरचा मुख्य पंपही थांबतो, पण टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा भाग) तेव्हा भयंकर तापलेला असतो. पाणी फिरलं नाही तर त्याच्या बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा धरतं. आवाज येतोय ही चांगली गोष्ट आहे. पूर्वी यायचा आणि आता बंद झाला असेल, किंवा पी २६०० कोड आला असेल, तर दाखवा.

प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला तर मात्र थांबू नका. २०१२ मध्ये अमेरिकेत मिनी कूपर एसच्या सुमारे ८९ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या. टर्बोच्या याच पंपाचं सर्किट बोर्ड जळून आग लागण्याचा धोका होता. तुमच्या गाडीला असा काही रिकॉल आहे का, हे चासी नंबर देऊन डीलरकडे विचारा.

रेडिएटर किंचित गळतोय. हळद टाकू की बाजारातली लीक पावडर? (कोल्हापूर)

दोन्ही नको. गळतीबरोबर हीटरच्या नळ्या आणि छोट्या पंपाचा पंखाही बुजतो. रेडिएटर काढून प्रेशर टेस्ट करून घ्या.

हायब्रिड गाडीत ‘हायब्रिड सिस्टिम तपासा’ असा इशारा येतो, पण इंजिनाचं तापमान नॉर्मल आहे. चालवत राहू का? (नवी मुंबई)

नको. इन्व्हर्टरचं (बॅटरीची वीज मोटरला पुरवणाऱ्या भागाचं) कूलंट, टाकी आणि पंप अनेक हायब्रिड गाड्यांत वेगळे असतात. इंजिनाचं तापमान ठीक असलं तरी इन्व्हर्टर उकळत असू शकतो. टोयोटाच्या जुन्या प्रियस हायब्रिडमध्ये गाडी ‘रेडी’ (निघायला तयार) असताना त्या टाकीत डोकावलं की कूलंट खळबळताना दिसतं. ते निपचित असेल तर पंप बंद. टोयोटाने २०१२ मध्ये या पंपासाठीच प्रियस गाड्या परत बोलावल्या होत्या. पी ०ए९३ कोड असेल तर संशय पक्का. केशरी (हाय व्होल्टेजच्या) केबलना हात न लावता गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला टो करून न्या.

नवीन फॅन मोटर बसवली. पंखा जोरात फिरतो, तरी गाडी तापते. (रत्नागिरी)

इंजिन सुरू ठेवून, पंखा फिरत असताना जाळीसमोर कागद धरा. तो आत ओढला जाऊन चिकटायला हवा. बाहेर उडाला तर वायरी उलट जोडल्या आहेत. ज्याने बसवली त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. कागद चिकटला तर रेडिएटर चोंदलाय का, ते तपासा.

आंबा घाट चढताना काटा लालला टेकला. वर पोचून थांबलो, वाटेत काटा आपोआप खाली आला. मग ठीक ना? (संगमेश्वर)

फार चिंतेची गोष्ट आहे. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो, आत मात्र इंजिनाचं ॲल्युमिनियमचं हेड वाकत असतं. लालला टेकला की तिथेच कडेला घ्यायची, इंजिन बंद, रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर असतं, झाकण सैल होताच तोंडावर उसळतं.

गाडी आता सुरूही करू नका. टोचन करून गॅरेजला न्या आणि हेड गॅसकेट (हेडखालचं सील) तपासायला सांगा.

वाटेत बाटलीतलं साधं पाणी घातलं तर चालतं का? (सातारा)

अडचणीला चालतं, इंजिन पूर्ण गार झाल्यावर. दोन दिवसांत ते काढून गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं कूलंट भरून घ्या, आणि आधीचं पाणी गेलं कुठे हे त्याच फेरीत शोधून घ्या.