ब्रेक पॅड आणि टायर वेळेआधी झिजले, तर वॉरंटीत काय बसते?

आपली तक्रार थोडक्यात अशी आहे : गाडी चौदा महिन्यांची, 19,000 किलोमीटर चाललेली, रत्नागिरी–कोल्हापूर ये-जा नेहमीची. पुढचे ब्रेक पॅड संपले आहेत, पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने गुळगुळीत झाले आहेत आणि ‘हे झिजणारे भाग आहेत, वॉरंटीत येत नाहीत’ असे सांगून शोरूमने बिल पुढे केले आहे. मी याच भागात गाड्यांच्या सर्व्हिसिंगच्या कामात बरीच वर्षे आहे. माझ्या मते शोरूमचे म्हणणे अर्धेच खरे आहे.

खरे एवढे की ब्रेक पॅड, ब्रेक शू, क्लच प्लेट, वायपरची रबरे यांची वापराने होणारी झीज वॉरंटीत धरत नाहीत. वॉरंटीच्या पुस्तिकेतल्या वगळलेल्या भागांच्या यादीत ही नावे आपल्याला सापडतील, आणि पैसे भरून वाढवलेल्या वॉरंटीतही ती बहुधा तशीच असतात. मात्र पॅड ज्या दोषामुळे वेळेआधी झिजला तो कॅलिपरचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, दोष असेल, तर कॅलिपर हा झिजणारा भाग नव्हे. म्हणून ‘पॅड बदलून द्या’ असा अर्ज करण्यापेक्षा ‘पॅड एवढ्या लवकर का झिजले, ते तपासून लेखी द्या’ अशी मागणी करावी.

हे कारण बहुतेक वेळा पॅडवरच दिसते. मध्यंतरी आमच्याकडे आलेल्या एका गाडीचे पुढचे डावे चाक काढले, तेव्हा कॅलिपरमधल्या पिस्टनच्या बाजूचा आतला पॅड पार लोखंडी पत्र्यापर्यंत गेलेला होता आणि त्याच चाकाचा बाहेरचा पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक होता. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड सारखे होते. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांपैकी खालची पिन रबरी टोपी फाटल्यामुळे गंजून जाम झाली होती. अशी झीज चालकाच्या पायाने होत नाही, आणि तसे लेखी मांडल्यावर कॅलिपरबरोबर पॅडही वॉरंटीत मिळाले. आपल्या गाडीचे चारही पॅड सारखेच झिजले असतील, तर मात्र आपल्या वाटेतल्या आंबा घाटाचा विचार करावा लागेल. रिकाम्या गाडीने सपाट रस्त्यावर जे पॅड 30,000–40,000 किलोमीटर सहज टिकतात, ते घाट सतत ब्रेकवर उतरणाऱ्याच्या गाडीत त्याच्या निम्म्यातही संपू शकतात. ऑटोमॅटिक गाडी घेतलेली मंडळी घाटातून साखरप्याकडे उतरताना गिअर नेहमीच्या ‘डी’वरच (ड्राइव्ह) ठेवतात, हे मी नेहमी पाहतो, खालचा गिअर धरला की ब्रेकवरचा भार पुष्कळ कमी होतो.

किनाऱ्याजवळच्या लोकांनी आणखी एक कलम वाचून ठेवावे. खारी हवा, पाणी, समुद्राची रेती यांमुळे आलेला गंज अनेक पुस्तिकांत वगळलेला असतो, आणि वर सांगितलेल्या पिनेसारख्या प्रकरणात शोरूम नेमके तेच कलम दाखवील. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर येणारा तांबूस थर पहिल्या दोन-चार ब्रेकांतच निघून जातो; त्याला कोणी दोष म्हणत नाही. परंतु टोपी फाटून आत पाणी शिरले असेल, तर मूळ दोष टोपीचा आहे, हवेचा नाही, हे ठामपणे सांगावे.

टायरांचा हिशेब वेगळा आहे. टायरची वॉरंटी गाडीची कंपनी देत नाही, टायरची कंपनी देते, आणि ती मुख्यतः घडणीतल्या दोषापुरती असते. दावा मान्य झालाच, तरी उरलेल्या नक्षीच्या प्रमाणातच सूट मिळते. नव्या टायरची नक्षी साधारण 7–8 मिलिमीटर खोल असते आणि 1.6 मिलिमीटरवर खाचांत उंचवट्याची खूण उघडी पडते. तिथवर घासलेल्या टायरचा दावा कोणी ऐकत नाही. दोन्ही टायर आतल्या कडेनेच झिजणे हे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडल्याचे लक्षण आहे. नक्षीवरून तळहात आडवा, आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत फिरवून पाहा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखे लागले, तर चाके तिरकी घासत आहेत. मुंबई–गोवा महामार्गाच्या अर्धवट कामांतले खड्डे त्याला पुरेसे आहेत, आणि शोरूमही आधी त्यांनाच जबाबदार धरील. तरीही अलाइनमेंटच्या यंत्राचा छापील कागद मागावा. अलाइनमेंट करूनही आकडे जागेवर येत नसतील आणि लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा सस्पेन्शनचा दांडा) किंवा त्याचे बुश (सांध्यातली रबरे) मार न लागताही बिघडलेले निघाले, तर ते भाग वॉरंटीत बसू शकतात आणि टायरांच्या भरपाईची मागणी त्यांच्या आधाराने करता येते.

काम सुरू होण्यापूर्वीच जॉब कार्डवर (शोरूमच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर) चारही पॅडची जाडी आणि प्रत्येक टायरच्या आतल्या, मधल्या व बाहेरच्या भागातली नक्षीची खोली मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी. काढलेल्या भागांचे फोटो त्याच दिवशी काढावेत, कारण वॉरंटीत बदललेला जुना भाग कंपनीकडे परत जातो. नकार तोंडी घेऊ नये, कलमासह लेखी मागावा. तो मिळाल्यावर कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करावा आणि उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यापुढे रत्नागिरीचा जिल्हा ग्राहक आयोग आहे : ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आपण राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, शोरूम कोल्हापूरचे असले तरीही, मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. तोवर संपलेल्या पॅडवर गाडी चालवू नये. फोटो आणि मोजमापे हाती असतील, तर पॅड स्वखर्चाने बदलून पावती जपून ठेवावी आणि ती रक्कम दाव्यात मागावी.