एकलकोंड्याचा कोंड

गुहागरहून विचारणा आहे: एकांत, एकटेपणा, एकाकीपणा यांत फरक काय, एकांतात सुखी असणाऱ्याला एकलकोंडा म्हणावं का, आणि माणसाला माणसं लागतातच का?

आधी तक्रार. 'मुलं मुंबईला, गावी आजीला एकांतपणा जाणवतो' हे बोलणं आता पुरे! एकांत हे मुळातच नाम, त्याला 'पणा'चं शेपूट कशाला? शिवाय आजीला जाणवतो तो एकटेपणा. एकांत शोधावा लागतो, आणि कुणी मोडला तर राग येतो. एकटेपणा वाट्याला येतो, मग घर खायला उठतं. तो मोडायला आलेल्याला चहा मिळतो. एकटा ही नुसती मोजदाद. गणपतीत चाकरमान्यांनी घर भरलं तरी आजी एकाकी असू शकते, एकटी नसते.

खरी गंमत एकलकोंड्यात. शब्दाचं मूळ विचारलं की जो तो 'कोंडणे'कडे बोट दाखवतो. पण कोंडणारा दुसराच असतो, कडी बाहेरून लागते; स्वतःहून आत बसायचं तर 'कोंडून घेणं' म्हणावं लागतं. ते 'घेणं' या शब्दात कुठे आहे? शिवाय क्रियापदावरून लाकूडतोड्या, वाटपाड्या होतात. एकलकोंडा मात्र लाकूडतोड्याच्या नव्हे, दुतोंड्याच्या घडणीचा: दोन तोंडं ज्याला तो दुतोंडा, एकला कोंड ज्याचा तो एकलकोंडा. ('एकलकोंड्या'ही ऐकू येतं, ठाऊक आहे. ते माझ्या विरुद्ध जातं, जाऊ दे.)

कोंड म्हणजे काय, हे घाटावरच्या कोशवाल्यांना कोण सांगणार? नदीतला डोह इथे नको. कोंड म्हणजे गावापासून सुटी, पाच-दहा घरांची वस्ती. संगमेश्वर तालुक्यात कोंडअसुर्डे, कोंडउमरे ही नावंच पाहा. मधला पऱ्या, म्हणजे ओढा, पावसात फुगला, त्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, गेला, की कोंड गावापासून तुटलाच. गावकऱ्यांच्या लेखी तिथला माणूस न मिसळणारा. पण कोंडात त्याला विहीर सामाईक, लावणीला आळीपाळीने एकमेकांच्या शेतात चिखल तुडवायचा. म्हणजे माझ्या हिशेबाने मूळच्या एकलकोंड्याला भरपूर शेजार होता. एकला होता तो कोंड. पुरावा कागदोपत्री नाही, घडणीचा आहे, आणि मला तो पुरतो.

माणसं लागतात का, हे राहिलंच. बृहदारण्यक उपनिषदात आदिपुरुष एकटा असल्याने आधी भ्याला. दुसरं कुणी नाहीच तर भ्यायचं कुणाला, म्हणून भीती गेली. लगेच पुढे 'एकाकी न रमते', आणि त्याला दुसरं कुणीतरी हवं झालं. तेव्हा गुहागरकर, एकांतप्रिय म्हणा. एकलकोंडा म्हणायचं तर आधी कोंड दाखवा.