दुर्गा खोटे यांचा पहिला चित्रपट ‘अयोध्येचा राजा’ होता का?

नाही, दुर्गाबाई पडद्यावर पहिल्यांदा दिसल्या त्या ‘फरेबी जाल’ (1931) या मोहन भवनानींच्या हिंदी चित्रपटात, तेही छोट्या भूमिकेत. ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच हा अनुभव सांगितला आहे. गोंधळ का होतो हेही समजण्यासारखं आहे: नाव झालं ते 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’मधल्या तारामतीने. प्रभातचा हा बोलपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम, समोर हरिश्चंद्र म्हणून गोविंदराव टेंबे. पार्श्वगायन तेव्हा नव्हतं. कॅमेरा चालू असताना अभिनय करता करताच गायचं, वादकही तिथेच. म्हणून तारामतीची गाणी दुर्गाबाईंच्याच आवाजात आहेत. पुढे ‘अमर ज्योती’तली (1936) सूडाने पेटलेली सौदामिनी नक्की पाहा, इतकी करारी नायिका त्या काळात क्वचितच दिसते.

एक लक्षात ठेवा: ‘अयोध्येचा राजा’ हिंदीतही वेगळा चित्रित झाला होता, त्यामुळे चित्रपटांची यादी करताना कुणी तो एक धरतं, कुणी दोन. मराठीतला पहिला चित्रपट विचारत असाल, तर मात्र उत्तर ‘अयोध्येचा राजा’च.