तयार डोचे गार्लिक रोल वरून करपतात आणि आतून कच्चे राहतात, ते का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: बेकरीतून आणलेला अर्धा किलो डो (यीस्ट घालून मळलेलं पीठ) फ्रिजमधून काढला, लगेच लाटला, वितळवलेलं बटर आणि लसूण पसरून गुंडाळला, कापून टिनमध्ये चिकटून मांडला, वरूनही लसूण लावला आणि २०० डिग्रीवर १५ मिनिटं भाजला. रोल वरून छान तपकिरी, मधले चार आतून चिकट, लसूण काळा आणि कडू, टिनच्या तळाशी बटरचं तळं. ओव्हन बिघडलेला नाही, डोही वाईट नसावा. तयार डो आणल्याने तुमचं मळण्याचं काम वाचलं, फुगवण्याचं नाही. रोल कापल्यानंतर त्यांना पुन्हा फुगायला वेळ द्यावाच लागतो आणि नेमकी तीच पायरी तुम्ही गाळलीत.

आधी डो कुठला ते बघा. इंदूरमध्ये तीन वेगवेगळ्या वस्तू 'पिझ्झाचं' म्हणून मिळतात. पिझ्झा बेस भाजलेलाच असतो, त्याचे रोल होत नाहीत. गोठवलेल्या डोच्या पाकिटावर घटकांत 'यीस्ट' लिहिलंय का ते वाचा. फक्त बेकिंग पावडर असेल तर तो पावासारखा फुगणार नाही, फुगायला ठेवण्यात वेळही घालवू नका. तिसरा, बेकरीवाल्याला सांगून घेतलेला पावाचा कच्चा डो. माझ्या मते हा सर्वांत चांगला, पण तो घरी येईपर्यंत वाटेतसुद्धा फुगतच असतो. उन्हाळ्यात आणल्या आणल्या तेलाचा हात लावून झाकणाच्या मोठ्या डब्यात घालून फ्रिजमध्ये टाका. डबा लहान घेतलात तर झाकण उडतं. आंबट, दारूसारखा वास यायला लागला आणि ओढल्यावर डो ताणला न जाता फाटू लागला, तर त्याचे रोल करू नका. ताटात थापून, वर लसूण-बटर लावून चपटा पाव भाजा, तो तरी चांगला होईल.

गोठवलेला डो रात्रभर फ्रिजमध्येच सुटू द्या, आठ-दहा तास. मायक्रोवेव्हमध्ये सोडवायला गेलात तर कडा शिजतात, तिथलं यीस्ट मरतं आणि मधला गोळा मात्र बर्फच राहतो. फ्रिजमधून काढल्यावर पाऊण ते एक तास बाहेर, झाकून. थंड डो लाटताना रबरासारखा मागे सरकतो. तसं झालं की जोर लावू नका, ओलं फडकं टाकून दहा मिनिटं सोडून द्या. पुढच्या खेपेला निमूट पसरतो.

प्रमाण ५०० ग्रॅम डोचं, बारा रोल. आत लावायला ६० ग्रॅम खारं बटर, वरून लावायला आणखी २० ग्रॅम. सोललेला लसूण २५ ग्रॅम. ऊटी जातीच्या मोठ्या पाकळ्या असतील तर सहा-सात पुरतात, देशी बारीक असेल तर पंधरा-अठरा लागतील आणि त्या तिखटही जास्त असतात. कोथिंबीर दोन मोठे चमचे, धुऊन फडक्यात पिळून कोरडी केलेली. चिली फ्लेक्स आणि ओरेगॅनो अर्धा-अर्धा छोटा चमचा. मीठ घालू नका, बटरमध्ये आहे.

लसणाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपण बसलोय लसणाच्या मुलखात. मंदसौर-नीमचच्या मंड्या जवळ, आणि रतलाम जिल्ह्यातल्या रियावनच्या लसणाला तर २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकनही मिळालं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जो नवा लसूण येतो तो ओला असतो. मिक्सरमधून काढला की पाणी सुटतं, ते बटरमध्ये मिसळत नाही, आणि सुरळीच्या थरांमध्ये ओल धरून बसतं. तिथला डो मग चिकट लागतो आणि लोक ओव्हनला बोल लावतात. नवा लसूण असेल तर सुरीने बारीक चिरा, वाटू नका. जुना, सुकलेला लसूण किसणीवर किसला तरी चालतो.

कच्चा लसूण आत घातला तर तो डोच्या वाफेत शिजतो, करपत नाही, पण थोडा उग्र राहतो. तो उग्रपणा नको असेल तर २० ग्रॅम बटरमध्ये मंद आचेवर मिनिटभर परता, रंग बदलायच्या आधी उतरवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मग उरलेल्या ४० ग्रॅम मऊ बटरमध्ये मिसळा. तुमचा लसूण कडू झाला कारण तो रोलच्या वर होता. लसणाचे बारीक तुकडे ओव्हनच्या रॉडच्या थेट धगीखाली काही मिनिटांत काळे पडतात, रोलला मात्र वीस मिनिटं लागतात. म्हणून भाजण्याआधी वरून फक्त दुधाचा हात फिरवा. लसूण-बटर वर लावायचं ते रोल बाहेर काढल्यावर, गरम असताना. आणि डो घरी मळणार असाल तर कच्चा लसूण पिठात मळू नका, तो यीस्टला नडतो.

बटर मऊ हवं, वितळलेलं नाही. बोट दाबलं तर खड्डा पडावा, पण ओघळू नये. वितळलेलं बटर थरांना एकमेकांना चिकटू देत नाही. सुरळी कापताना ते बाहेर येतं, टिनमध्ये जमतं आणि खालची बाजू तळून निघते. तुमचं तळं तिथलं.

ओटा कोरडा ठेवा, पीठ अगदी चिमूटभर भुरभुरवा. डो साधारण ३० बाय २५ सेंटिमीटरच्या चौकोनात लाटा, जाडी अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित जास्त. पोळीसारखा पातळ केलात तर थर खूप होतात आणि मध्ये वाफ अडकते. बटर पसरताना लांब बाजूची एक कड दोन सेंटिमीटर कोरडी सोडा, तिथे सुरळी चिकटते. समोरच्या लांब बाजूकडून गुंडाळा, आवळून नाही. घट्ट आवळलेली सुरळी फुगली की मधला भाग टोपीसारखा वर उठतो. मग अडीच-अडीच सेंटिमीटरचे बारा तुकडे. सुरी दाबली की रोल चपटा होतो, म्हणून शिवणाचा साधा दोरा सुरळीखालून सरकवा, टोकं वर आणून फुलीसारखी ओढा. अळूवडीच्या उंड्यालाही ही युक्ती चालते.

नऊ-दहा इंचांच्या गोल टिनमध्ये रोल मांडताना मध्ये बोटभर जागा ठेवा. चिकटून भरले तर मधले चार कच्चेच राहणार, तुमचे राहिले तसे.

आता फुगवणं. २८-३० डिग्रीला ३५ ते ४५ मिनिटं. जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या आसपास येतो, स्वयंपाकघरही गारच असतं, तेव्हा दीड तास लागू शकतो. बंद ओव्हनमध्ये टिन आणि शेजारी गरम पाण्याची वाटी ठेवली की काम लवकर होतं. ओव्हन चालू करून 'कोमट' करण्याच्या भानगडीत पडू नका. ३२-३५ डिग्रीच्या पुढे बटर वितळायला लागतं आणि रोल भाजायच्या आधीच गळू लागतात. मे महिन्यात हाच त्रास काहीही न करता होतो. पारा चाळिशीला, ओट्यावर बटरचं तेल. तेव्हा सुरळी कापण्याआधी पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, आणि टिन घरातल्या सर्वांत गार खोलीत, कूलरच्या थेट झोताबाहेर, ओलं फडकं टाकून. वीस-पंचवीस मिनिटांत होतं. घड्याळापेक्षा बोट खरं: रोलच्या कडेला हलकेच दाबा. खड्डा झटकन भरला तर अजून थांबा, हळूहळू भरून थोडा उरला तर ओव्हनमध्ये घाला, अजिबात भरला नाही तर उशीर झालाय, ताबडतोब भाजा.

ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) १८० डिग्रीवर, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, पंधरा मिनिटं आधी तापवा. मधल्या रॅकवर १८ ते २२ मिनिटं. २०० डिग्री या जाडीला जास्त होतं. वरचं कवच रंगतं आणि आत धग पोहोचायच्या आधी तुम्ही बाहेर काढता. न फुगलेला, थंड, घट्ट डो तर आणखीच हळू शिजतो, त्यामुळे तुमच्याकडे दोन्ही चुका एकमेकींवर बसल्या. लहान ओटीजीत वरचा रॉड फार जवळ असतो, बाराव्या मिनिटाला रंग आला की वर फॉइल टाका आणि वेळ पूर्ण होऊ द्या. कन्व्हेक्शन मोडवर (आतला पंखा चालू) १६५-१७० पुरे. काळा टिन तळ लवकर भाजतो, तो असेल तर रॅक एक खाच वर. पारख मधल्या रोलची करा, कडेच्या नाही. शेजाऱ्यापासून किंचित ओढून बघा, सुटलेले धागे कोरडे आणि कापसासारखे दिसले तर झालं. ओले, चमकणारे दिसले तर फॉइल टाकून आणखी चार मिनिटं. थर्मामीटर असेल तर आत ९० डिग्री.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत जाळी ठेवून, झाकून, दहा मिनिटं तापवा आणि मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं भाजा. वरून रंग येत नाही, मग शेवटी तव्यावर पालथे घालून अर्धा मिनिट. कुकर वापरलात तर शिटी आणि रिंग काढून, पाणी न घालता.

बाहेर काढल्यावर लसूण-बटर लावा, पाच मिनिटं फडक्याने झाका म्हणजे कवच मऊ पडेल, आणि दहाव्या मिनिटाला टिनमधून जाळीवर. टिनमध्येच राहिले तर तळाशी वाफेचं पाणी धरतं.

चीज घालायचं तर ८० ग्रॅमपर्यंत. मोझरेला पाणी सोडतं, ते किसून फडक्यावर पसरून कोरडं करा. प्रोसेस्ड चीज ताणलं जात नाही, पण रोल कोरडे राहतात. आणि हो, इंदूर म्हटल्यावर कोणीतरी जीरावन (पोह्यांवरचा इंदुरी मसाला) घालणारच. घाला, पण वरून आणि भाजल्यावर. आत घातलं तर एक तर त्यातलं आणि बटरमधलं मीठ मिळून खारट होतं, दुसरं म्हणजे आमचुराच्या आंबटपणाने लसूण कधी कधी हिरवट-निळा पडतो. खायला काही अपाय नाही, पण पाहुणे विचारतात.

सकाळी गरम हवे असतील तर रात्री कापलेले रोल टिनमध्येच झाकून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी पाऊण-एक तास बाहेर आणि मग भाजा. उरलेलं लसूण-बटर बाहेर ठेवू नका, थंडीतसुद्धा नाही. लसूण आणि स्निग्ध पदार्थ एकत्र खोलीच्या तापमानाला राहिले तर घातक जिवाणू वाढू शकतात आणि वासावरून ते कळत नाही. फ्रिजमध्ये तीन दिवस, फ्रीझरमध्ये महिनाभर. शिळे रोल मायक्रोवेव्हमध्ये चामड्यासारखे होतात. तव्यावर पाण्याचे दोन थेंब शिंपडून झाकण ठेवा, दोन मिनिटं पुरतात.